प्रतिनियुक्तीवरचे मिक्सर

दुकान चालवणाऱ्याकडे किस्से साठत नाहीत. त्याला तेवढी उसंत नसते. किस्से साठतात ते दुकानात नुसतं जाऊन बसणाऱ्याकडे. कोथरूडमधल्या 'तांबोळी-आगाशे' या मिक्सर-कुकर दुरुस्तीच्या दुकानात पाडव्यापासून दिवाळीपर्यंत नुसतं बसण्याचं काम मी केलं. ते मला जमतं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलंय.

इतके दिवस हे किस्से मी कुणाला सांगितले नाहीत. मित्राचं भवितव्य टांगणीला लागलेलं असताना हसू नये, एवढं वळण आमच्या घरात होतं. आता प्रकरण निकाली निघालंय, माझाही जीव भांड्यात पडलाय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आगाशे, तांबोळी आणि मी असे तिघं एका कार्यालयात, एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली कारकून होतो. आगाशे टिपणी लिहिण्यात पटाईत. इस्माईल तांबोळींच्या वडिलांचं नाना पेठेत स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे खोलीतला तो पंखा चालू ठेवायची जबाबदारी न सांगता त्यांच्याकडे आली. पुढे साहेबांच्या घरचे मिक्सरही आले. मी तिसरा. मी पंख्याखाली बसायचो.

*

धंदा काढायचा विचार आगाश्यांनी कधीच केलेला नव्हता. तो त्यांच्या तोंडून निसटला.

त्यांचा मुलगा केदार खराडीला असतो. नोकरीही तिथेच, घरही तिथेच, अगदी वरच्या मजल्यावर. आईवडिलांनी कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन आपल्याकडे राहायला यावं, असं त्याचं म्हणणं. मुलगा चांगला आहे, हीच त्यातली अडचण होती. वाईट असता तर आगाश्यांना नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"बाबा, तिथे सगळं आहे. जिम आहे, पूल आहे, गार्डन आहे."

"माणसं?"

"आहेत ना. क्लब हाउसमध्ये."

"वेळ काय त्यांची?"

केदार शांतपणे म्हणाला, "पण इथे तरी तुम्ही दिवसभर करता काय?"

हा प्रश्न निवृत्त माणसाला विचारू नये. आगाशे ताडकन म्हणाले, "मी धंदा काढतोय."

शैलावहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ही बातमी त्यांनाही नवीनच होती. खरं म्हणजे ती आगाश्यांनाही नवीन होती.

केदार हसला नाही. त्याच्या नोकरीत लोकांना मुदत देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. तो म्हणाला, "ठीक. दिवाळीपर्यंत चालवून दाखवा. चाललं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही चाललं, तर लक्ष्मीपूजन खराडीला."

आगाशे "मान्य" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांबोळींच्या घरी जाऊन त्यांना भागीदार करून आले. मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, मी सल्ला देईन. त्यावर तांबोळी म्हणाले, "म्हणजे तोटा आमचा आणि मत तुमचं. ऑफिसातही असंच होतं."

वहिनींना विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूने? त्या म्हणाल्या, "पोळ्या मला दोन्हीकडे लाटायच्याच आहेत."

*

पहिला महिना दुकानाच्या नावात गेला.

तांबोळी आमच्या कार्यालयात आगाश्यांच्या आधी रुजू झालेले. म्हणून सेवाज्येष्ठतेप्रमाणे 'तांबोळी-आगाशे' असं नाव हवं, हा आगाश्यांचा आग्रह. तांबोळींचं म्हणणं, मुळाक्षरांत 'आ' आधी येतो, तेव्हा 'आगाशे-तांबोळी'. दोघंही दुसऱ्याचं नाव पुढे करण्यासाठी भांडत होते. असं भांडण मिटत नाही, कारण हरायला कुणीच तयार नसतं. शेवटी सेवाज्येष्ठता जिंकली. आमच्याकडे ती नेहमीच जिंकते.

पाडव्याला उद्घाटन. आमचे जुने साहेब प्रमुख पाहुणे. हार, पेढे, पन्हं, खुर्च्या, सगळं चोख. आगाश्यांच्या शेजारच्या मराठेबाई पहिलं गिऱ्हाईक म्हणून मुद्दाम बिघडलेला मिक्सर घेऊन आल्या. तांबोळींनी सगळ्यांदेखत तो उघडला, आत काहीतरी बदललं, झाकण लावलं, वायर हातात घेतली आणि भिंतीकडे पाहिलं. मग दुसऱ्या भिंतीकडे पाहिलं.

त्या गाळ्यात आधी पुस्तकं भाड्याने देणारं वाचनालय होतं. पुस्तकांना प्लग लागत नाही. गाळ्यात एक ट्यूब होती, एक पंखा होता आणि सॉकेट एकही नव्हतं. धंदा कसा करावा यावरची बरीच पुस्तकं मी त्याच वाचनालयातून नेऊन वाचली होती. भांडवल, बाजारपेठ, स्पर्धा, सगळ्यावर प्रकरणं होती. सॉकेटवर नव्हतं.

शेजारी ब्यूटी पार्लर. आगाशे मिक्सर कुशीत घेऊन पार्लरच्या दारात उभे राहिले आणि नजर जमिनीवर ठेवून म्हणाले, "ताई, आमचा मिक्सर जरा तुमच्याकडे ओरडू द्याल का?"

तो ओरडला. आतमध्ये चेहऱ्याला लेप लावून डोळे मिटून पडलेल्या एक बाईही ओरडल्या. पण मिक्सर चालला.

साहेब पन्ह्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, "आगाशे, दुकानात वीज नाही वाटतं?"

"वीज आहे, साहेब. फक्त बाहेर येत नाही."

*

दुकानाला दोन माणसं. दोघंही मालक. नोकर कुणी नाही. पण रजेचे नियम पहिल्या आठवड्यात तयार झाले. तोंडी रजा नाही, अर्ज हवा.

मे महिन्यात तांबोळींच्या भाचीचं सोलापूरला लग्न निघालं. त्यांनी रीतसर अर्ज केला. आगाश्यांनी त्यावर 'शिफारस करण्यात येत आहे' असं लिहिलं आणि मग दोघांच्या लक्षात आलं, की मंजूर करणारा कुणी नाही. म्हणून अर्ज माझ्याकडे आला. बऱ्याच दिवसांनी हातात असा कागद आलेला. मीही सोडला नाही. 'भाची सख्खी की चुलत, याचा खुलासा व्हावा' असा शेरा मारून परत पाठवला. खुलासा आला. सख्खी होती. मी रजा मंजूर केली.

आता खरी गोष्ट. लग्नाचं आमंत्रण आगाश्यांनाही होतं. रजेच्या धांदलीत दुकान उघडणार कोण, हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही. दोघंही स्वारगेटहून एकाच एसटीने सोलापूरला निघाले.

गाडी हडपसरच्या पुढे गेली असेल. आगाश्यांच्या शेजारी बसलेल्या बाई मघापासून त्यांच्याकडे निरखून पाहत होत्या.

"तुम्ही कोथरूडचे कुकरवाले ना? माझा कुकर आज देणार होतात."

आगाशे सावरून बसले. "आज दुकान बंद आहे."

बाई म्हणाल्या, "ते दिसतंय मला. दुकान माझ्या शेजारीच बसलंय."

*

दुकानाचा फोन नंबर म्हणून आगाश्यांनी आपला मोबाइल दिला होता. पत्रकं छापली, वर्तमानपत्रातून घरोघर टाकली. फोन येईनात. आगाशे म्हणायचे, कोथरूडमध्ये कुणाचं काही बिघडतच नाही, लोक फार जपून वापरतात.

मी एकदा सहज विचारलं, "तुमचा फोन कुठाय?"

"घरी. चार्जिंगला. दुकानात आणला तर हरवेल."

फोन येत होते. ते शैलावहिनी घेत होत्या. आणि वहिनींचा स्वभाव खरं तेवढंच बोलण्याचा.

"तांबोळी-आगाशे का?"

"आगाशे. तांबोळी नाहीत इथे."

"मिक्सर दुरुस्त करायचा होता."

"मग ह्यांना विचारा. ते घरी नाहीत."

"कुठे गेलेत?"

"दुकानात."

"दुकान कुठे आहे?"

"ते मी पाहिलेलं नाही. एक वाजता जेवायला घरी येतात, तेव्हा या. पत्ता लिहून घ्या."

आणि लोक यायचे. एक वाजता आगाशे पहिला घास घेतात न घेतात तोच दारात बाई उभ्या, हातात पिशवी, पिशवीत मिक्सर. आगाश्यांना वाटायचं, ह्या सोसायटीतल्याच. दुकानात शुकशुकाट आणि घरात गर्दी, असा धंदा जूनपर्यंत चालला.

त्यातच एकदा केदारचा फोन आला. "आई, कसं काय चाललंय बाबांचं?"

"चांगलं चाललंय रे. सारखे फोन येतात. मी सगळ्यांना सांगते, ते नाहीत."

 केदार म्हणाला, "आई, दिवाळी लांब नाही."

त्या दिवसापासून वहिनी आगाश्यांना जेवणाचा डबा बरोबर देऊ लागल्या, पिशवीत वर फोन आणि खाली डबा. बाजू कुणाची, ते मात्र अजून सांगत नव्हत्या.

*

गिऱ्हाइकाशी बोलणार कोण, हेही कुणी ठरवलं नव्हतं. तांबोळी खाली मान घालून काम करत, त्यामुळे वर मान असलेले आगाशे बोलायचे. त्यांनी नोकरीभर लोकांचे अर्ज नाकारलेले. हाताला सवय.

एक तरुण बाई आल्या. "मिक्सर फार तापतो हो."

"काय वाटता?"

"इडलीचं."

"किती वेळ?"

"होईपर्यंत."

"मध्ये थांबता का?"

"नाही. ऑफिसला जायचं असतं."

आगाशे म्हणाले, "मग तो काय करणार, बाई? इतकं सलग काम मला दिलं असतं, तर मीही तापलो असतो. ह्याला काही झालेलं नाही. घेऊन जा."

बाई मिक्सर घेऊन गेल्या आणि घरी जाऊन फोनवर दुकानाला एक तारा दिला. खाली लिहिलं, 'मालक उद्धट. मिक्सरची बाजू घेतात.'

दुकान नकाशावर चढवलं होतं केदारने, त्यामुळे हे आधी त्यालाच दिसलं. त्याने वडिलांना कळवलं आणि प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्यायचं असतं, असंही सांगितलं. आगाश्यांना आनंद झाला. उत्तर देणं हे त्यांचं क्षेत्र. त्यांनी तिथल्या तिथे टाइप केलं, 'आपली तक्रार या कार्यालयास प्राप्त झाली. संबंधितांकडून खुलासा मागवण्यात येत आहे.'

तांबोळींनी चष्म्यावरून पाहिलं. "संबंधित कोण?"

"मीच."

"मग दिलात खुलासा?"

"तपासतोय."

मराठेबाई कुकरची रिंग घ्यायला आल्या होत्या, त्यांनी हे ऐकलं. जाताना मला हळूच म्हणाल्या, "खराडीला चांगली बाग आहे म्हणतात."

*

गणपती गेले आणि तांबोळींच्या मोतीबिंदूची तारीख आली. सगळ्या दुकानात मिक्सर उघडता येणारा माणूस एक. तो आजारी पडला तर काय, हा प्रश्न पाडव्याला आम्हाला पडला नव्हता. तेव्हा आम्ही नावावर चर्चा करत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस वाकायचं नाही, धूळ नाही, काळा चष्मा. आगाश्यांना दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. नवरात्र जवळ, मागोमाग दिवाळी. ते येईल ती वस्तू ठेवून घेत आणि "होईल" म्हणत. या शब्दाने आमच्या कार्यालयाचा कारभार वर्षानुवर्षं चालला होता. दुकानात तो थोडे दिवस पुरला.

मग त्यांनी युक्ती काढली. मिक्सर चालू करायचा, फोन त्याच्याजवळ धरायचा आणि घरी पडलेल्या तांबोळींनी आवाजावरून रोग सांगायचा.

"ऐकू येतंय?"

"येतंय. कार्बन ब्रश संपलेत. ठेवा बाजूला. पुढचा."

"हा?"

"ह्याचं काही नाही. भांडं नीट बसवा. पुढचा."

असं दोन-चार मिक्सरचं निदान झालं. आगाशे खुशीत आले. पुढच्या मिक्सरची वायर सॉकेटला लावून त्यांनी फोन पुढे केला. (सॉकेट एव्हाना बसवलेलं होतं. तेही लिहायला हवं, नाहीतर लोक विचारतात.)

तांबोळी बराच वेळ ऐकत राहिले. मग गंभीर आवाजात म्हणाले, "आगाशे, हा गेला. ह्यात काही राहिलेलं नाही. मालकाला सांगा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका."

आगाश्यांनी मिक्सरकडे पाहिलं. बटण दाबायचं राहिलंच होतं. आवाज शेजारच्या पार्लरमधल्या केस वाळवायच्या यंत्राचा होता.

पार्लरवाल्या ताईंना आम्ही ते सांगितलं नाही. पण चार दिवसांनी ते यंत्र खरोखरच बंद पडलं, तेव्हा तांबोळींबद्दलचा माझा आदर वाढला.

*

नवरात्रात तांबोळी परत आले तेव्हा दुकानात त्यांना बसायला जागा नव्हती. एका बाजूला त्यांची वाट पाहणाऱ्या बिघडलेल्या मिक्सरांचा ढीग. दुसऱ्या बाजूला फळीवर केव्हाच दुरुस्त झालेले आणि मालकांची वाट पाहणारे मिक्सर. लोक वस्तू दुरुस्तीला टाकतात आणि तिला विसरतात. काहींनी तोवर नवे घेतले होते. आगाश्यांनी आणि मी खुर्च्या बाहेर फुटपाथवर मांडल्या होत्या.

आगाशे त्या दिवसांत बोलेनासे झाले होते. एकदा मला म्हणाले, "त्या मजल्यावरून खाली पाहिलं की माणसं ओळखू येत नाहीत हो."  सल्ला द्यायचं माझं कंत्राट होतं, पण त्याला सल्ला नव्हता.

त्याच दुपारी वहिनी पहिल्यांदा दुकानात आल्या. आगाशे डबा घरी विसरले होते म्हणून. त्या कडेला उभ्या असताना एक बाई आल्या आणि कडाडल्या, "दोन दिवसांत देतो म्हणालात. अजून मिक्सर नाही. मी मुलाच्या डब्याचं वाटण कशावर करायचं?"

"होईल," आगाशे म्हणाले.

"कधी? मुलाचं लग्न झाल्यावर?"

"बाई, मुलगा किती वर्षांचा आहे, त्यावर..."

वहिनींनी मध्येच तोडलं. "अहो, तुम्ही सारखे मिक्सरकडे काय बघताय? त्यांना उद्या सकाळी डबा द्यायचाय."

 आगाश्यांनी फळीवरच्या दुरुस्त मिक्सरांच्या रांगेकडे पाहिलं, त्यातला एक उचलला आणि बाईंपुढे ठेवला. "तुमचा होईपर्यंत हा न्या."

तांबोळी खुर्चीतून अर्धे उठले. "आगाशे, तो दुसऱ्यांचा आहे."

"माहीत आहे. प्रतिनियुक्तीवर पाठवतोय."

आमच्या कार्यालयात एका खात्याचा माणूस दुसऱ्या खात्यात उसना पाठवत, त्याला प्रतिनियुक्ती म्हणतात. त्याचं मूळ खातं बोलावेपर्यंत तो तिकडे काम करतो. माणसांना चालतं ते मिक्सरला का चालू नये? तांबोळी पुन्हा खुर्चीत बसले.  मी मंजुरी दिली.

आठवडाभरात फळी रिकामी झाली. मिक्सर टाकायला येणारी बाई रिकाम्या हाताने परत जाईना. ही बातमी पत्रकाशिवाय आणि तार्‍याशिवाय पसरली. कर्वेनगरहून लोक येऊ लागले.

मग व्हायचं ते झालं. एका मिक्सरच्या मूळ मालकीणबाई उगवल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. वस्तू दुरुस्तीला टाकून मुलीकडे परदेशी गेल्या होत्या.

"माझा मिक्सर?"

आगाशे उभे राहिले. "बाई, तो सध्या डहाणूकर कॉलनीत आहे."

"तिथे काय करतोय?"

"शेंगदाण्याचं कूट."

 मी माझी खुर्ची थोडी मागे घेतली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नीट करतोय का?"

"तक्रार नाही आलेली."

"माझ्याकडे तर मेला कधी नीट कूट करायचा नाही," बाई म्हणाल्या. "राहू दे तिकडे. मला तुमच्याकडचा एखादा शिस्तीतला द्या."

त्या पार्लरशेजारच्या गल्लीतल्या कुणाचा तरी मिक्सर घेऊन गेल्या. पुढे त्याचे खरे मालक आले तेव्हा बाईंनी तो परत द्यायला साफ नकार दिला. मालकांनी मग दुसरा पसंत केला. आगाश्यांना यात काही नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "प्रतिनियुक्तीवर गेलेला माणूस मूळ खात्यात परत आलेला तुम्ही पाहिलाय का?"

कोथरूडमध्ये आज कुणाच्या ओट्यावर कुणाचा मिक्सर आहे, हे सांगता येणार नाही. पण बंद पडलेला कुणाकडेही नाही. आणि त्या उद्धट म्हणणाऱ्या तरुण बाईंनी आपला शेरा बदलला. आता तिथे लिहिलंय, 'मालक उद्धट. पण मिक्सर लगेच मिळतो.'

*

धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळी आगाशे मला म्हणाले, "एक चूक झाली. 'चाललं' म्हणजे नेमकं काय, ते केदारकडून लिहून घ्यायला हवं होतं."

दुकान चालल्यासारखं दिसत होतं. पण मुलगा मोठ्या कंपनीतला. त्याच्याकडे चालण्याची व्याख्या वेगळी असायची. आगाशे सकाळपासून एक स्क्रू तीनदा खाली पाडून बसले होते. वहिनींनी घरी चकलीची भाजणी दळून आणली होती, पण चकल्या इथे तळायच्या की तिथे, हे त्यांनी विचारलं नाही आणि आगाश्यांनी सांगितलं नाही.

अकराच्या सुमारास केदार आला. गाडी लांब लावावी लागली होती, कारण दुकानासमोर स्कूटरच स्कूटर. फराळाचे दिवस. कोथरूडमधला प्रत्येक मिक्सर त्या आठवड्यात मान टाकायच्या बेतात असतो. दारापासून पार्लरच्या पायरीपर्यंत रांग. आगाशे आतल्या अंगाला फळीपाशी पाठमोरे. तांबोळी पुढे, नाकाजवळ एक भांडं धरून त्याचं पातं पाहत बसलेले. समोरचा पावती पुढे करी, ते वर न बघता ती घेत, मागे हात करत, आगाशे त्या हातात वस्तू ठेवत. गेल्या कित्येक वर्षांत मी त्या दोघांना इतक्या वेगाने काम करताना पाहिलं नव्हतं. ऑफिसातल्या लोकांनी पाहिलं असतं, तर पेन्शन थांबवली असती.

मी फुटपाथवरच्या खुर्चीतून उठून केदारला हात केला. तो थेट आत शिरायला गेला.

"ओ, रांगेतून या," मागून आवाज आला.

"नाही, मी..."

"सगळेच 'मी' आहेत इथे."

केदार मुकाट्याने पार्लरच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात गाडीची किल्ली. त्याच्या पुढच्या बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पहिल्यांदाच आलात?"

"हो."

"मिक्सर कुठाय?"

"मिक्सर नाही आणला. मी... वडिलांना घ्यायला आलोय."

"बरं बरं." बाईंनी मान डोलावली. "वेळ लागेल. दिवाळीची गर्दी आहे. पण काम चांगलं करतात."

 केदार रांगेबरोबर सरकत राहिला. एकदा त्याने फोन काढला, घड्याळ पाहिलं, परत खिशात टाकला. एकदा एका आजींचा जड कुकर त्याने उचलून धरला. आजींनी त्याला विचारलं, "तू इथेच कामाला असतोस का रे?" तो "नाही" म्हणाला, पण कुकर खाली ठेवला नाही.

फळीपाशी आगाश्यांची पाठ एकाएकी ताठ झाली. त्यांना आवाज ओळखू आला होता. ते वळले नाहीत.

केदारची पाळी आली. तो टेबलासमोर उभा राहिला. मागे रांग आता पार्लरच्याही पुढे गेली होती.

"काका," तो म्हणाला, "बाबांना न्यायला आलोय."

तांबोळींनी मान वर केली नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला.

"पावती?"